वऱ्हाडात गेलेले बैल

आमच्या तालुक्यात पहिला ट्रॅक्टर कोणी आणला, यावर मागच्या हिवाळ्यात एक भाषण झालं. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. टेबलावर एक मोठा फोटो ठेवून त्याला झेंडूचा हार घातला होता, आणि फोटोतल्या माणसामुळे या भागात नवं युग कसं आलं ते वक्ते हात हलवून हलवून सांगत होते. गावातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणून मला मुद्दाम आणून पुढच्या रांगेत बसवलं होतं. फोटोतला माणूस मी ओळखला. मला तिथं बसवेना. पाय दुखतात असं सांगून मी उठून घरी आले. पाय दुखत नव्हते, अंगाची लाही होत होती.

ट्रॅक्टर त्यानं विकत घेतला, हे खरं आहे. पण गावात तो आणला आमच्या बैलांनी. गळ्यात दोर घालून, चिखलातून ओढत आणला. आणि त्या यंत्रानं पहिल्यांदा जे रान नांगरलं ते आमचं होतं, आणि त्या रानात पीक उभं होतं. हे त्या भाषणात कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण? ज्यांनी पाहिलं त्यांतली आता मी एकटी उरले आहे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी मावला गावची मुलगी. आदिलाबाद शहर जवळ, त्यामुळे चार यत्ता शिकले होते आणि बाजारात, शेजारीपाजारी उर्दू कानावर पडून पडून मला ती समजत होती. लग्न होऊन मी या गावी आले. गाव पैनगंगेच्या काठाला. नदीच्या अलीकडे निजाम, पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजाचा अंमल. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडली की राज्य बदलायचं. माणसं मात्र तीच, बोली तीच, सोयरीकही तीच.

घरात आम्ही तिघं. माझे यजमान, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. काळ्या रानात आमची ज्वारी आणि कापूस, सगळ्यांचा असतो तसाच. पण नाल्याच्या वळणावर आमचा एक तुकडा होता, पोयट्याचा, हातात धरला तर पिठासारखा सुटणारा. त्या तुकड्यात आत्याबाई आलू लावत. बटाटा हा शब्द आमच्याकडे पुस्तकातच. आलूचं बेणं त्यांच्या माहेराहून यायचं, नदीपलीकडून. आमच्या गावात दुसरं कोणी आलू लावत नव्हतं; लोकांना वाटायचं एवढ्या पाण्याचा खटाटोप कोण करतो.

खटाटोप होताच. कार्तिकात आम्ही दोघी ओसरीवर बसून बेणं कापायचो. प्रत्येक फोडीला डोळा आला पाहिजे. कापलेल्या अंगाला चुलीतली राख चोळायची, फोडी सावलीत सुकवायच्या, मग सरीत एकेक बसवायची. विहिरीवर मोट चाले. हे मोट हाकायचे आणि आम्ही बायका पाण्याला वाट करून द्यायचो. रोपं वीतभर झाली की बुडाला माती लावायची. आत्याबाईंचा हात त्या मातीत असा चालायचा की जणू पोराला पांघरूण घालत आहेत. माघात काढणी. काढलेला आलू इचोड्याच्या बाजारात जायचा.

त्या तुकड्यासाठी यजमानांनी लोखंडी नांगर आणला होता. गावात तो पहिला. लाकडी नांगर पोयट्यात वरवर चालायचा, आलूला खोल माती लागते. नदीपलीकडच्या बाजारातून त्यांनी तो खांद्यावर आणला, नाक्यावर निजामाची जकात भरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गढीवरून माणूस आला.

गढी म्हणजे गावच्या जमीनदाराचं घर. त्याला सगळे 'सरकार' म्हणत. गावात निजाम कोणी पाहिला नव्हता. आमच्यासाठी सरकार तोच. त्याच्या शेतात फुकट राबायचं, त्याच्या घरी लाकडं पोचवायची, त्याच्याकडे पाहुणा आला की कोंबड्या नेऊन द्यायच्या. याला वेठ म्हणत. नवी वस्तू गावात आली की ती आधी गढीवर जायची, हेही त्यातच आलं. आमचा लोखंडी नांगर त्या वर्षी आधी सरकारच्या रानात चालला. आमचे बैल, आमचा नांगर, आमचा माणूस. मग उरलेल्या दिवसांत आमचं रान. पुढच्या वर्षीही तसंच. आत्याबाई भाकरी थापताना परातीवर हात जोरात आपटायच्या, तेवढंच.

मोठी लढाई चालू होती त्या वर्षांतली गोष्ट. धान्य वाढवा, पडीक जमीन नांगरा, असे हुकूम हैदराबादेहून निघत होते. ज्यांच्याकडे जमीन जास्त त्यांना यंत्रं मिळवून देण्याची काही सोय होती म्हणे. सरकारनं खटपट केली आणि ट्रॅक्टर मिळवला. गावात कोणाला तो शब्द येत नव्हता. 'इंजनाचा नांगर येऊन राह्यला' असं लोक म्हणत होते.

इचोड्यापर्यंत तो लॉरीवर आला. तिथून गावापर्यंत स्वतः चालत येणार होता. त्याच्यासाठी वेठीनं रस्ता काढला. उभी बोराटी, पळस तोडले, बांध फोडले. तो आला तेव्हा आम्ही सगळ्या बाया नाल्याच्या काठावर पाहायला उभ्या होतो. आवाज आधी आला, मग धूर, मग तो. पुढे दोन लहान चाकं, मागे माणसाच्या छातीएवढी दोन लोखंडी चाकं, त्यांना दात. रबर वगैरे काही नाही. वर हैदराबादचा एक किडकिडीत ड्रायव्हर, तोंडात पान. मला खोटं बोलायचं नाही. ते यंत्र पाहून मला आनंद झाला होता. वाटलं, आता काळं रान नांगरताना बैलांच्या आणि माणसांच्या छातीत जे दुखतं ते थांबेल.

नाल्याच्या मध्यावर तो रुतला. वाळूखाली गाळ होता. ड्रायव्हरनं जोर लावला तशी ती दातेरी चाकं स्वतःचीच कबर खणत खाली गेली. धूर निघाला, आवाज बसला.

गढीचा कारभारी काठावर उभा होता. तो वळला आणि ओरडला, "पाह्यता काय? बैलं आणा!"

गावातल्या सगळ्या जोड्या आल्या. आमचीही. एकापुढे एक जुंपल्या, दोर बांधले. बैल गाळात गुडघ्यापर्यंत, माणसं कमरेपर्यंत. दुपार टळली तरी ते यंत्र हलेना. कारभारी काठावरून ओरडत होता, चाबूक माणसांना लागत होते की बैलांना, ते दिसत नव्हतं. शेवटी ते हललं, आणि त्याच झटक्याला आमच्या जोडीतला तांबडा बैल पुढच्या पायावर बसला. त्याचा खांदा उतरला होता.

ट्रॅक्टर काठावर आला. लोकांनी त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. तांबड्याला यजमानांनी तिथेच नाल्यात धरून ठेवलं होतं. संध्याकाळी कसाबसा घरी आणला. त्यानंतर तो बैल मोटेला चालला नाही. त्या हंगामात अर्धं पाणी आम्ही दोघी घागरींनी आणून आलूला घातलं. ज्या यंत्रानं बैलांचे कष्ट वाचवायचे होते, त्यानं येताच आमचा बैल मोडला आणि त्याचं ओझं आम्हा बायकांच्या डोक्यावर चढवलं. याचाही सत्कार करा म्हणावं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

पौषात बातमी आली की हैदराबादेहून एक मोठा अंमलदार ट्रॅक्टर पाहायला येणार. यंत्र दिलं आहे तर ते चालतं कसं हे त्याला बघायचं होतं. आता चालवून कुठं दाखवायचं? सरकारच्या चांगल्या रानात ज्वारी उभी होती, कापूस उभा होता. ज्या पडीक जमिनीसाठी यंत्र आणलं तिथं पळसाची खोडं आणि दगड. ड्रायव्हर म्हणाला, साहेबासमोर फाळ मोडला तर मी जबाबदार नाही. मऊ, सपाट, बिनदगडाची, रस्त्याच्या कडेची जमीन गावात एकच होती.

अंमलदार यायचा त्या सकाळी कारभारी आमच्या दारात आला.

"नाल्यावरचा तुकडा आज लागते," तो म्हणाला.

यजमान म्हणाले, "कारभारी, त्यात आलू हाय. अजून महिना लागते काढाले."

"मले म्हाईत हाय. आलू तर मातीच्या आत राह्यते न? वरून इंजन गेलं तर त्याले काय होते?"

आत्याबाई आतून बाहेर आल्या. "नांगर वरून जाते का आतून जाते, कारभारी? तुमी कधी नांगर धरला का हाती?"

कारभाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यजमानांना म्हणाला, "बायले समजाव. सरकारचा हुकूम हाय." आणि गेला.

आम्ही धावत शेतावर गेलो. ट्रॅक्टर बांधापाशी येऊन उभाच होता. रोपं गुडघ्याएवढी होती, हिरवीगार, काहींना पांढरी फुलं. घागरींच्या पाण्यावर वाढवलेली. आत्याबाई पहिल्या सरीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं रोपांकडे पाहिलं, मग कारभाऱ्याकडे.

"इसमें तो फसल खड़ी है," तो म्हणाला.

"तुले काय करायचं हाय? चलाव!"

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मला वाटलं, हा नाही म्हणेल. मग त्यानं पानाची पिंक टाकली आणि परत वर चढला. हुकमाचा ताबेदार होता बिचारा, असं कोणी म्हणेल. मी म्हणत नाही. त्याला दिसत होतं. ज्याला दिसतं त्यानं थांबायला हवं होतं.

गढीच्या दोन माणसांनी आत्याबाईंना दंडाला धरून बाजूला नेलं. यजमान मध्ये पडले तर त्यांना ढकलून बांधावर पाडलं. तेवढ्यात रस्त्यावरून मोटार आली. अंमलदार उतरला, सरकार उतरला, शेरवानी झटकत. आणि यंत्र सुरू झालं.

लोखंडी फाळ जमिनीत गेला आणि वरंबे उलटे होत गेले. हिरवी रोपं मातीखाली, आणि मातीखालचे आलू वर. लिंबाएवढे, बोराएवढे, कोवळे, अंगावर अजून साल न धरलेले. निम्मे फाळानं चिरलेले. काळ्या-करड्या मातीवर ती पांढरी चिरलेली अंगं उन्हात चमकत होती. अंमलदार पुढे आला, त्यानं एक उचलून पाहिला.

"वाह!" तो सरकारला म्हणाला. "ये तो आलू भी निकालता है!"

आणि सरकार हसून म्हणाला, "जी हाँ. सौ मज़दूरों का काम अकेला करता है."

मी बांधावर उभी होते, मला शब्द न् शब्द कळत होता. ही काढणी नव्हती हो! पोटातलं पोर महिन्याआधी ओढून काढावं तसं ते होतं. आणि तो गृहस्थ टाळ्या वाजवत होता. त्याच्या मनात दुष्टावा नव्हता, असं आता मला वाटतं. त्यानं जन्मात आलूचं शेत पाहिलं नसेल. पण मग तपासणीला येता कशाला? ज्याला पिकलेलं आणि कोवळं कळत नाही, त्यानं यंत्राची तारीफ कशाच्या जोरावर करायची?

सगळा तुकडा उलटा करून झाल्यावर मंडळी गढीवर जेवायला गेली. आम्ही शेतात उतरलो. आत्याबाईंनी टोपली घेतली आणि चिरलेले आलू वेचायला लागल्या. मला वाटलं, जनावरांना घालायला. टोपली भरली तशी त्यांनी ती डोक्यावर घेतली.

"चाल," मला म्हणाल्या.

"कुठी, आत्याबाई?"

"गढीवर."

यजमान म्हणाले, "माय, नको." त्यांच्याकडे वळूनही न पाहता त्या चालू लागल्या. मी मागे गेले. का गेले, मला सांगता येणार नाही. भीती वाटत होती, पण त्यांना एकटं जाऊ देणं त्याहून कठीण होतं.

गढीच्या ओट्यावर मंडळी जेवण करून बसली होती. आत्याबाई सरळ आत शिरल्या. कोणाला कळायच्या आत त्यांनी टोपली ओट्याच्या पायरीवर उपडी केली. मातीसकट आलू सरकारच्या पायातल्या जोड्यांपर्यंत घरंगळत गेले.

"सरकार," त्या म्हणाल्या, "हे तुमच्या इंजनानं काढलेले आलू. आमच्या घरी कोणाच्या तोंडात हा घास उतरणार नाही. तुमीच खा."

अंमलदाराला मराठी येत नव्हतं. त्यानं सरकारकडे पाहून विचारलं, "क्या कहती है?"

आणि सरकार, तोच, हार घातलेल्या फोटोतला माणूस, चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाला, "बहुत खुश है, साहब. नई मशीन की खुशी में नज़राना लाई है."

मी आत्याबाईंच्या मागे उभी होते. सुनेनं परक्या पुरुषांपुढे तोंड उघडायचे दिवस नव्हते ते. तरी मी पदर धरून ओरडले, "नज़राना नहीं, साहब! फसल बरबाद—"

कारभारी धावत पुढे आला, "चला, चला, निघा," म्हणत त्यानं आवाज इतका चढवला की माझा पुढचा शब्द त्यात बुडाला. अंमलदारानं पुन्हा विचारलं, ही काय बोलली?

"दुआ दे रही है," सरकार म्हणाला.

अंमलदाराला फार बरं वाटलं. त्यानं खिशातून निजामी शिक्क्याचा एक हाली रुपया काढला आणि आत्याबाईंच्या पुढे धरला. बक्षीस! आत्याबाईंनी त्या रुपयाकडे पाहिलं, त्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवून निघाल्या. रुपया पायरीवर पडल्याचा आवाज मी ऐकला.

वाटेत त्यांनी विचारलं, "काय बोलून राह्यले होते ते? म्या शिव्या घातल्या अन् तो साहेब हासला काऊन?"

मी सांगितलं. नजराण्याचं सांगितलं, दुआचं सांगितलं. त्या वाटेतच थांबल्या. शेत उलटलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. आता त्या धुळीत बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

"पीक नेलं तं नेलं," त्या म्हणत होत्या, "माझी शिवीबी नेली गं!"

हे वाक्य मी अजून विसरले नाही. माणसाला लुटायचं, आणि तो ओरडला तर त्याच्या ओरडण्याचं गाणं करून दुसऱ्याला ऐकवायचं. शेत परत पेरता येतं. याला काय करायचं?

आत्याबाईंनी जे केलं ते दोन-अडीच महिन्यांनी. चैत्र लागला होता. सरकारनं त्या पडीक जमिनीतली खोडं वेठीनं काढून घेतली होती आणि ट्रॅक्टर तिथं चालायला लागला होता. जमीन नाल्याच्या उतारावर. आमच्याकडे चैत्रात कधी कधी अवकाळी झोडपतो. आत्याबाई विहिरीवर बायांना म्हणाल्या, "आभाळ धरलं का तो रुतणार. रुतला का आपले बैलं जुंपणार. एखाद्याचा बैल पुन्हा मोडणार. कोणाचा मोडू द्याचा, सांगा."

एकीनं विचारलं, "पण नाही म्हणता येते का?"

"नाही म्हणायचं काय काम हाय? लग्नसराई हाय. सगळ्यांच्या सोयरिका नदीपल्याड हाय. गाड्या जुंपा अन् जा लग्नाले."

आभाळ आलं त्या दिवशी गावातल्या गाड्या निघाल्या. खरी लग्नं दोन-तीन घरीच होती. बाकीच्यांनी काढली. कोणाच्या मावशीच्या दिराचं, कोणाच्या चुलत मेव्हण्याचं. नदीच्या वरच्या अंगाला पाऊस नव्हता, पैनगंगा अजून पायउताराची होती. बैल पलीकडे इंग्रजाच्या अंमलात पोचले, जिथं सरकारचा हुकूम चालत नव्हता. आमचा धड बैल यजमानांनी आत्याबाईंच्या माहेरी नेऊन बांधला. लंगडा तांबडा तेवढा घरी राहिला.

गारा पडल्या, पाऊस झाला, आणि ट्रॅक्टर रुतला. चिखलात आसापर्यंत. कारभारी गावात आला.

"बैलं कुठी हाय रे?" त्यानं पहिल्या दारात विचारलं.

"वऱ्हाडात गेले."

दुसऱ्या दारात विचारलं. "वऱ्हाडात गेले."

वऱ्हाड म्हणजे लग्नाची मंडळी आणि वऱ्हाड म्हणजे तो मुलूखही. कुठल्या वऱ्हाडात, हे कोणी उलगडून सांगत नव्हतं. दार न् दार एकच उत्तर. मी ओसरीवरून त्याचा आवाज चढत चढत आमच्याकडे येताना ऐकत होते. आत्याबाई दारात तांबड्याला चारा घालत होत्या. कारभाऱ्यानं तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "हा हाय पाहा घरी. न्या याले. यानंच तं आणलं होतं तुमचं इंजन."

त्या वेळी आम्ही हसलो. गावात दोन दिवस लोक तोंडाला पदर, उपरणं लावून हसत होते.

मग यजमान नदी उतरून परत आले आणि त्यांना गढीवर नेलं. भर उन्हात ओणवं उभं करून पाठीवर दगड ठेवला. दगड पडला की चाबूक. ही कल्पना कोणाची, एवढंच सांग म्हणत होते. त्यांनी आईचं नाव घेतलं नाही. संध्याकाळी चौघांनी उचलून आणलं. पाठीची साल गेली होती, आणि कानाखाली बसलेल्या माराने डावा कान कायमचा गेला. पुढच्या सगळ्या आयुष्यात मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलले. त्या मांडवातल्या भाषणात हा कान नव्हता.

ट्रॅक्टर मात्र निघाला नाही. गावचे बैल पेरणीपर्यंत पलीकडेच राहिले. परगावाहून बैल आणायचे म्हटले तर लग्नसराई तिथंही होती, आणि मजा अशी की हे उत्तर बैलांपेक्षा लवकर आसपासच्या गावांत पोचलं होतं. ड्रायव्हरनं आठ-दहा दिवस खटपट केली आणि पगाराच्या भांडणावरून निघून गेला. पावसाळ्यात नाला फुगला, गाळ इंजिनात शिरला. वर टणटणीची झुडपं वाढली. लोकांनी त्याची सुटी होणारी लोखंडं नेली. कोणाच्या दाराची कडी झाली, कोणाच्या कुऱ्हाडीचा दांडा बसवायची पट्टी. 'नवं युग' ते एवढंच.

सरकारनं नाल्यावरचा तुकडा आमच्याकडून काढून घेतला आणि आपल्या माणसाला दिला. दाद कोणाकडे मागायची? ज्याच्याकडे मागायची तो त्याच्या ओट्यावर जेवून जाणारा. काळं रान ठेवलं, पण वेठ अशी लावली की आमच्या पेरणीला दिवसच उरेना. शेवटी आम्ही घर बंद करून नदीपलीकडे आत्याबाईंच्या भावाकडे राहायला गेलो. त्यांच्या मळ्यात वाट्यानं आलू लावला. तिथं विहिरीवर रॉकेलवर चालणारं इंजिन बसलेलं होतं. पट्टा चढवला की पाणी धो धो यायचं. आत्याबाई पहिल्या दिवशी त्याच्या जवळ जाईनात. मामा म्हणाले, "अवं ताई, हे आपलं हाय. आपण म्हटलं तं चालते, आपण म्हटलं तं थांबते." तेव्हा त्या जवळ गेल्या. नंतर तर सरीत पाणी पोचलं की त्या लांबूनच हात वर करायच्या आणि इंजिन बंद करायला लावायच्या. यंत्राशी आमचं वैर कधीच नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण आमच्यासारख्यांना 'नव्याला भिणारे' म्हणायची लोकांना फार हौस असते.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा आत्याबाई नव्हत्या. त्याच्या आदल्या वर्षी हिवतापानं गेल्या, नदीच्या पलीकडच्या काठावरच. आम्ही परत आलो. सरकार त्या दिवसांत हैदराबादेला जाऊन राहिला होता. पुढे खादी घालून परतला आणि लोकांनी त्याला भाषणं करायला बोलावलं, तो भाग वेगळा. नाल्यावरचा तुकडा कसणारा त्याचा माणूस स्वतःच घाबरून निघून गेला होता. यजमानांनी एका सकाळी बैल जुंपले आणि कोणालाही न विचारता तो तुकडा नांगरला. माती तशीच होती, पिठासारखी. बेणं आम्ही मामांकडून आणलं होतं.

मी ओसरीवर फोडी कापायला बसले. पहिल्यांदाच एकटी. शेजारच्या बाया पाहायला आल्या, त्यांतल्या एकीनं विचारलं, आम्हाला दोन फोडी देता का, परसात लावून पाहतो. मी तिला पदरभर दिल्या. दुसरीलाही दिल्या. राख कशी चोळायची ते दाखवलं. त्या वर्षापासून आमच्या गावात सगळ्यांच्याच परसात आलू होतो. गावात आलू कोणी आणला यावर अजून कोणी भाषण केलं नाही. करायचं असेल तर मला बोलवा. मी उठून जाणार नाही.